ढगावर स्वार झालेला बुद्ध

१८९५ च्या उन्हाळ्यात जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा याने एका चित्राचा कच्चा आराखडा स्वतः काढला आणि हेर्मान क्नाकफुस या चित्रकाराकडून ते चित्र पुरे करून घेतले. उंच कड्यावर युरोपातली राष्ट्रे चिलखते घातलेल्या स्त्रियांच्या रूपात उभी आहेत. वर आकाशात क्रूस झळकतो आहे. मायकेल हा देवदूत त्यांना दूर क्षितिजाकडे बोट दाखवतो आहे. तिथे धुराच्या लोटांतून, ड्रॅगनच्या आकाराच्या काळ्या ढगावर बसून एक आकृती पुढे सरकते आहे, आणि ती आकृती बुद्धाची आहे. ज्या ध्यानस्थ मुद्रेशी मराठी वाचकाची ओळख अजिंठा-वेरूळच्या लेण्यांतून झालेली असते, तीच मुद्रा इथे युरोपवर चालून येणारे संकट म्हणून रंगवली होती. कैसरने हे चित्र रशियाचा झार निकोलस दुसरा याला भेट दिले, त्याच्या छापील प्रती इतरत्र वाटल्या, आणि ‘पिवळे संकट’ हा शब्दप्रयोग युरोपच्या वर्तमानपत्रांत रुळला.

त्या वर्षी खुद्द चीनची अवस्था काय होती? एप्रिलमध्ये शिमोनोसेकीच्या तहावर सही करून चीनने जपानपुढे हार मानली होती. तैवान हातातून गेले होते आणि २० कोटी टेल (टेल हे चिनी वजनाचे माप) चांदीची खंडणी डोक्यावर बसली होती. आधुनिक म्हणून मिरवलेले उत्तरेचे आरमार बुडाले किंवा जपानच्या ताब्यात गेले होते. अशा खिळखिळ्या झालेल्या देशाची भीती युरोपला दाखवली जात होती. दोनच वर्षांनी, १८९७ च्या नोव्हेंबरमध्ये, शानतुंग प्रांतात दोन जर्मन पाद्र्यांचा खून झाल्याचे निमित्त करून याच कैसरच्या आरमाराने चीनचा च्याओचौ उपसागर बळकावला.

चीनच्या भीतीचा इतिहास वाचताना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात. या भीतीचा जोर चीनच्या खऱ्या ताकदीशी क्वचितच जुळला. आणि तिची झळ बहुतेक वेळा पेकिंगमधल्या सत्तेला लागली नाही. ती लागली जवळपास राहणाऱ्या, कष्ट करून पोट भरणाऱ्या चिनी माणसांना.

या गोष्टीची सुरुवात कैसरच्या किती तरी आधी, फिलिपिन्समध्ये शोधता येते. १५७१ मध्ये स्पॅनिश लोकांनी मनिला वसवले. मेक्सिकोतल्या आकापुल्कोहून चांदी भरलेली जहाजे तिथे येत आणि फूच्येन प्रांतातले चिनी व्यापारी रेशीम, चिनी मातीची भांडी, गहू, लोखंड घेऊन येत. बघता बघता शहराच्या तटाबाहेर ‘पारियान’ नावाची चिनी वस्ती उभी राहिली. सुतार, चांभार, भटारी, शिंपी, बुकबाइंडर, सगळे तिथेच. मूठभर स्पॅनिशांचे घर या वस्तीच्या जिवावर चालत होते आणि म्हणूनच त्यांना तिची धास्ती वाटत होती. १५७४ मध्ये लिमाहोंग या चिनी चाच्याने मनिलावर केलेला हल्लाही त्यांच्या स्मरणात होता.

१६०३ च्या मे महिन्यात चीनहून तीन अधिकारी मनिलात उतरले. मनिलाजवळच्या काविते या ठिकाणी सोन्याचा डोंगर आहे, अशी थाप एका माणसाने पेकिंगच्या दरबारात मारली होती, तिची शहानिशा करायला ते आले होते. गव्हर्नर पेद्रो ब्रावो दे आकुन्या याने त्यांना ती जागा दाखवली. सोने नव्हतेच, अधिकारी परत गेले. पण मनिलात कुजबूज सुरू झाली की ही टेहळणी होती, मागून फौजा येणार. तटबंदीची डागडुजी सुरू झाली, शस्त्रे गोळा होऊ लागली. ते पाहून चिनी वस्तीत उलट अफवा पसरली: हे आपल्याला ठार मारणार. ऑक्टोबरमध्ये घाबरलेल्या चिनी लोकांनी उठाव केला. मग स्पॅनिश सैनिक, त्यांच्या बाजूचे जपानी आणि स्थानिक फिलिपिनो यांनी मिळून जी कत्तल केली, तिच्यात स्पॅनिश हिशेबानेही पंधरा हजारांच्या वर माणसे गेली. चिनी नोंदी पंचवीस हजार सांगतात.

ज्या फौजांच्या भीतीने हे सगळे घडले, त्या आल्याच नाहीत. मिंग दरबाराने सोन्याची थाप मारणाऱ्याला मृत्युदंड दिला आणि मनिलाच्या गव्हर्नरला निषेधाचे पत्र धाडले. सागरापार गेलेले व्यापारी म्हणजे पूर्वजांची थडगी सोडून पैशामागे धावलेली माणसे, त्यांच्यासाठी युद्ध कशाला, असा दरबाराचा विचार होता. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. परदेशातल्या चिनी माणसाकडे तिथले राज्यकर्ते साम्राज्याचा हस्तक म्हणून पाहत होते, आणि खुद्द साम्राज्य त्याला आपला मानायलाही तयार नव्हते. काही वर्षांतच पारियान पुन्हा भरले, कारण चिनी माणसांशिवाय मनिलाचे चालणे शक्य नव्हते. १६३९ मध्ये आणि १६६२ मध्ये तिथे पुन्हा कत्तली झाल्या. डचांच्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, १७४० च्या ऑक्टोबरमध्ये हेच घडले. साखरेचा भाव कोसळला होता, बेकार चिनी मजूर वाढले होते, अफवा दोन्हीकडे होत्या. सुमारे दहा हजार चिनी मारले गेले.

त्याच काळात युरोपातले विद्वान मात्र चीनच्या प्रेमात होते. लायब्निझने १६९७ मध्ये चीनविषयीच्या बातम्यांचे संकलन प्रसिद्ध केले. व्होल्टेअरला चीनमध्ये विवेकाने चालणारे राज्य दिसत होते. चिनी माणूस शेजारी राहायला आलेला नव्हता, तोवर कौतुक सोपे होते.

पुढचा मोठा अध्याय कॅलिफोर्नियात घडला. १८४८ मध्ये तिथे सोने सापडले आणि जगभरातून लोक धावले, तसे दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतातूनही आले. १८५२ मध्ये परदेशी खाणकामगारांवर महिना तीन डॉलरचा कर बसला आणि त्याचा मुख्य भार चिनी लोकांवर पडला. १८५४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्ष चालणार नाही. या एका निकालाने चिनी माणसाला लुटणे आणि मारणे जवळजवळ निर्धोक करून टाकले. तरी काम करायला तेच हवे होते. सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमधून सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे बोगदे हजारो चिनी मजुरांनी खोदले, बर्फाच्या कड्यांखाली गाडले जात खोदले. १० मे १८६९ रोजी दोन किनाऱ्यांना जोडणारी रेल्वे पुरी झाली आणि हे मजूर मोकळे झाले.

१८७३ मध्ये मंदी आली. नोकऱ्या नाहीत, मजुरी घसरलेली. १८७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डेनिस कीअर्नी हा आयर्लंडमधून आलेला गाडीवाला मोकळ्या मैदानांवर सभा घेऊ लागला. तो रेल्वेच्या मालकांवर तोंडसुख घ्यायचा आणि प्रत्येक भाषण एकाच घोषणेने संपवायचा: चिनी गेलेच पाहिजेत! मालकांचे काही बिघडले नाही. १८७१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जमावाने सुमारे अठरा चिनी लोकांना मारले होते. १८८५ च्या सप्टेंबरमध्ये वायोमिंगच्या रॉक स्प्रिंग्स या खाणवस्तीत अठ्ठावीस चिनी खाणकामगार मारले गेले आणि त्यांची घरे जाळली गेली.

१८८० च्या शिरगणतीत अमेरिकेची लोकसंख्या पाच कोटींच्या वर होती आणि त्यात चिनी होते सुमारे एक लाख पाच हजार. हजारात दोन. याच हजारात दोन माणसांमुळे देश बुडेल, असे वॉशिंग्टनमध्ये भर सभागृहात सांगितले गेले आणि ६ मे १८८२ रोजी चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा झाला. तो दहा वर्षांसाठी होता. १८९२ मध्ये वाढवला, १९०२ मध्ये कायमचा केला. १९४३ मध्ये जपानविरुद्धच्या युद्धात चीन हा मित्र ठरला, तेव्हा तो रद्द झाला. पण तेव्हाही वर्षाला फक्त १०५ चिनी लोकांना प्रवेश ठेवला गेला.

चिनी माणसासाठी उभारलेले हे कुंपण लवकरच भारतीयांपर्यंत पोचले. १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावातून लाकूडगिरण्यांतल्या पंजाबी मजुरांना जमावाने हाकलून लावले. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाचा मोठा भाग प्रवेशबंदीत आला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व नाकारले. थिंद यांची बाजू मांडणारे वकील सखाराम गणेश पंडित यांचेही नागरिकत्व काढून घ्यायला सरकार न्यायालयात गेले. पंडित चिकाटीने लढले आणि तो खटला त्यांनी जिंकला. इतर अनेक भारतीयांना असे लढणे शक्य झाले नाही.

ऑस्ट्रेलियाची वाट वेगळी नव्हती. व्हिक्टोरिया वसाहतीने १८५५ मध्ये प्रत्येक चिनी प्रवाशावर दहा पौंडांचा कर लावला, तेव्हा जहाजे शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रोब बंदरात लागू लागली आणि हजारो चिनी तिथून शेकडो किलोमीटर चालत सोन्याच्या खाणींपर्यंत गेले. मेलबर्नमध्ये राहून गेलेला चार्ल्स पिअरसन याने १८९३ मध्ये एका ग्रंथात भाकीत केले की पुढच्या काळात चीनसारख्या देशांची संख्या आणि उद्योग गोऱ्यांना मागे सारतील. १९०१ मध्ये नव्या ऑस्ट्रेलियन संसदेत गोऱ्यांपुरत्या ऑस्ट्रेलियाचा कायदा होत असताना पंतप्रधान एडमंड बार्टन यांनी याच ग्रंथाचा आधार घेतला.

१९०० साल आले आणि भीतीला एकदाचा पुरावा मिळाल्यासारखे वाटले. दुष्काळाने आणि परकीयांच्या वाढत्या दांडगाईने पेटलेले बॉक्सर बंडखोर पेकिंगमध्ये घुसले. जर्मन राजदूत फॉन केटेलर मारला गेला, परकीय वकिलातींना वेढा पडला. चिनी ख्रिस्ती माणसे मोठ्या संख्येने मारली गेली. हिंसा खरी होती आणि ती सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. पण लंडनपर्यंत जे पोचले ते आणखी भयानक होते. १६ जुलैला डेली मेलने शांघायहून आलेल्या तारेच्या आधारे छापले की वकिलातींतली सगळी माणसे, बायकामुलांसकट, कापली गेली. सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये श्रद्धांजलीची प्रार्थना ठरली. द टाइम्सने आपला पेकिंगचा बातमीदार जॉर्ज मॉरिसन याचा मृत्युलेख छापला. मॉरिसन जिवंत होता. वकिलातींतले बहुसंख्य लोक जिवंत होते आणि पंचावन्न दिवसांनी त्यांची सुटका झाली. प्रार्थना रद्द करावी लागली, पण त्या खोट्या बातमीने पेटवलेला सूड रद्द झाला नाही.

२७ जुलैला ब्रेमरहाफेन बंदरावर कैसरने चीनला निघालेल्या सैनिकांना सांगितले की कोणाला दया दाखवू नका, कैदी धरू नका. त्याच महिन्यात रशियाच्या ब्लागोवेश्चेन्स्क शहरातल्या चिनी रहिवाशांना कोसॅक सैनिकांनी आमूर नदीच्या काठी नेऊन पाण्यात ढकलले, हजारो बुडाले. हे लोक तिथले दुकानदार आणि नोकर होते, बॉक्सर नव्हते.

बॉक्सरांचे बंड मोडायला गेलेल्या आठ राष्ट्रांच्या फौजेत ब्रिटिशांच्या बाजूने हिंदुस्थानी पलटणी होत्या. सातव्या रजपूत पलटणीतला एक शिपाई, ठाकूर गदाधर सिंह, याने परत आल्यावर ‘चीन में तेरह मास’ नावाचे हिंदी पुस्तक लिहिले. जळालेली गावे, उपाशी माणसे, बेबंद लूट त्याने पाहिली आणि मोकळेपणाने नोंदवली. चिनी माणसात त्याला आपल्यासारखाच आशियाई शेतकरी दिसला. त्या वर्षी लंडन-बर्लिनच्या संपादकीय कचेऱ्यांतून चीनवर ढीगभर मजकूर छापला गेला, त्यात या शिपायाइतकी स्वच्छ नजर फार थोड्यांकडे होती. पुढच्या वर्षी झालेल्या करारात चीनवर ४५ कोटी टेल चांदीचा दंड बसला.

एव्हाना भीतीचा धंदाही सुरू झाला होता. एम. पी. शील या कादंबरीकाराने १८९८ मध्ये चिनी आक्रमणाची कादंबरी लिहिली. जॅक लंडनची १९१० मध्ये प्रसिद्ध झालेली एक कथा तर वाचवत नाही: तिच्यात पाश्चात्त्य राष्ट्रे रोगजंतूंचा मारा करून चीनमधली सगळी माणसे संपवतात, आणि कथा त्याकडे जगाची सुटका म्हणून पाहते. १९१२ पासून सॅक्स रोमर या टोपणनावाच्या लेखकाने डॉ. फू मांचू हा खलनायक घडवला. अफाट बुद्धीचा, निर्दय, जग जिंकायला निघालेला हा डॉक्टर लंडनच्या लाइमहाउस भागातून कारस्थाने रचतो. खऱ्या लाइमहाउसमध्ये तेव्हा काहीशे चिनी राहत होते, त्यांतले बरेचसे खलाशी आणि धोबी. १९३२ मध्ये बोरिस कार्लॉफने फू मांचू पडद्यावर आणला, तेव्हा वॉशिंग्टनमधल्या चिनी वकिलातीने निषेध नोंदवला. त्या सुमाराला जपानी सैन्य मांचुरिया गिळत होते.

१९४९ नंतर चीनची गोष्ट बदलली. माओच्या राजवटीने कोरियात अमेरिकेला रोखले, १९६४ मध्ये अणुचाचणी केली. आता समोर एक खरी, सशस्त्र सत्ता होती आणि तिच्याबद्दलची काळजी निराधार म्हणता येणार नाही. केनेडींच्या काळात चीनची अणुकेंद्रे आधीच उद्ध्वस्त करण्याचा विचार झाला आणि १९६३ मध्ये त्यासाठी मॉस्कोचा अंदाज घेतला गेला. रशियनांनी दाद दिली नाही. १९६९ मध्ये उसुरी नदीवर चिनी-रशियन चकमकी झाल्या, तेव्हा मॉस्कोनेच वॉशिंग्टनला तसाच प्रश्न विचारला. या अवघ्या काळात बाहेरच्या जगाला दिसत होती ती चीनची प्रचंड लोकसंख्या. १९५९ ते १९६१ या वर्षांत त्याच लोकसंख्येतली कोट्यवधी माणसे सरकारी धोरणाने ओढवलेल्या दुष्काळात मरत होती, ते बाहेरच्यांना उशिरा आणि अर्धवट कळले.

भीतीने स्वतःचेच नुकसान कसे केले, याचे सर्वांत ठळक उदाहरण श्वेसन छ्येन या शास्त्रज्ञाचे आहे. १९११ मध्ये जन्मलेला हा तरुण १९३५ मध्ये अमेरिकेत आला. कॅलटेकमध्ये थिओडोर फॉन कारमानच्या हाताखाली त्याने रॉकेटविद्या शिकली आणि जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या उभारणीत वाटा उचलला. महायुद्ध संपत आले तेव्हा अमेरिकी लष्कराने त्याला कर्नलचा हुद्दा देऊन जर्मनीत पाठवले, कारण जर्मन रॉकेटतज्ज्ञांना नेमके काय विचारायचे ते त्याला कळत होते. १९५० मध्ये त्याच्यावर कम्युनिस्ट असल्याचा आरोप आला. हेरगिरीचा पुरावा कधीच पुढे आला नाही. गुप्त कामाची परवानगी गेली, तो मायदेशी निघाला तर सामान जप्त झाले, त्याला अटक झाली, मग पाच वर्षे नजरकैदेसारखे जिणे. १९५५ मध्ये कोरियन युद्धातल्या अमेरिकी वैमानिकांच्या सुटकेच्या वाटाघाटींत त्याला चीनला पाठवले गेले. पुढच्याच वर्षी चीनची क्षेपणास्त्र संशोधन संस्था त्याच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. १९६६ मध्ये चीनने अण्वस्त्र लावलेले क्षेपणास्त्र डागून पाहिले, १९७० मध्ये पहिला उपग्रह सोडला.

यातून धडा घेतला गेला असता, तर १९९९ मध्ये लॉस अलामॉसच्या वेन हो ली याच्यावर एकोणसाठ आरोप ठेवून त्याला नऊ महिने एकांतकोठडीत डांबले गेले नसते. शेवटी एकच आरोप उरला आणि न्यायाधीश जेम्स पार्कर यांनी भर न्यायालयात त्याची क्षमा मागितली. २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने चिनी हेरगिरी शोधण्यासाठी खास मोहीम काढली. काही खरे गुन्हे हाती लागले, पण एमआयटीचे गांग चेन यांच्यासारख्या प्राध्यापकांना अटक होऊन नंतर खटलेच मागे घ्यावे लागले. २०२२ च्या फेब्रुवारीत ती मोहीम बंद झाली.

आजचा चीन १८९५ चा चीन नव्हे. २०१० पासून तो जगातली दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था आहे, दक्षिण चिनी समुद्रात त्याने बेटे उभारून धावपट्ट्या बांधल्या आहेत, आणि २०२० च्या जूनमध्ये गलवान खोऱ्यात वीस भारतीय जवान मारले गेले. चिनी सत्तेचा अभ्यास करणे, तिच्यापासून सावध राहणे ही भारताची गरजच आहे. पण म्हणूनच मनिला आणि कॅलिफोर्निया ही परक्यांची पापे म्हणून भारतीय वाचकाला बाजूला ठेवता येत नाहीत.

१९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टर गेले, त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. १९४२ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर वीस वर्षांनी, १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये, चिनी सैन्य सीमेवरून खाली उतरले. देश हादरला. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचा महाराष्ट्राला अभिमान वाटला. त्याच नोव्हेंबरमध्ये आसाम, शिलाँग, दार्जिलिंग अशा ठिकाणांहून चिनी वंशाच्या कुटुंबांना पोलिसांनी घरांतून उचलले. यांतले अनेक भारतात जन्मलेले होते. मजूर म्हणून आलेल्या चिनी माणसांनी आसामच्या माकुममध्ये स्थानिक मुलींशी लग्ने केली होती, त्यांची मुले असमिया बोलत होती. साधारण तीन हजार माणसे, म्हातारी आणि तान्ही मुले यांच्यासह, कित्येक दिवसांच्या रेल्वेप्रवासाने राजस्थानातल्या देवळी इथल्या छावणीत आणली गेली. कोणावर खटला चालला नाही. युद्ध महिन्याभरात थांबले, पण काही कुटुंबे १९६७ पर्यंत तिथेच होती. सुटून परतलेल्यांची घरेदारे, दुकाने अनेकदा लिलावात गेलेली होती. काहींना चीनला पाठवले गेले, तो देश त्यांनी कधी पाहिलेलाही नव्हता.

कॅनडाने चिनी स्थलांतरितांवर लादलेल्या डोईपट्टीबद्दल २००६ मध्ये संसदेत माफी मागितली आणि हयात असलेल्यांना भरपाई दिली. १८८२ च्या कायद्याबद्दल अमेरिकेच्या सिनेटने २०११ मध्ये आणि प्रतिनिधिगृहाने २०१२ मध्ये खेद व्यक्त केला. रीता चौधुरी यांनी माकुमच्या माणसांवर ‘माकाम’ ही असमिया कादंबरी लिहिली, तेव्हा आसामातल्याही अनेकांना देवळीची हकीकत पहिल्यांदा कळली. छावणीतून सुटलेल्यांपैकी बरेच जण पुढे टोरांटोत स्थायिक झाले. तिथे त्यांनी संघटना काढली आहे. भारत सरकारने झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त करावा आणि देवळीला स्मारक उभारू द्यावे, अशी त्यांची मागणी आहे. लहानपणी तिथे राहिलेली माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, आणि या मागणीचे उत्तर त्यांच्या हयातीत मिळायला हवे.